तक्रार बंद कोणी करायची?

महापालिकेच्या मोबाइल ॲपबद्दल लोकांना काय वाटतं, हे ॲप स्टोअरवरचे तारे मोजून फारसं कळत नाही. एक तारा देणाऱ्याला ओटीपी आलेला नसतो. पाच तारे देणाऱ्याची घरपट्टी रांगेत उभं न राहता भरून झालेली असते. आणि ज्यांच्या दारापुढे गटार तुंबलंय, त्यांतले कितीतरी जण तिथे काही लिहायला फिरकलेलेच नसतात. लोकांचं मत ठरतं ते वेगळ्याच वेळी. फोनवर 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश येतो, माणूस दार उघडून बघतो, आणि समोर जे दिसतं त्यावरून तो महापालिकेला काय म्हणायचं ते म्हणतो.

आमच्या घरात या विषयावर दोन ठाम मतं आहेत. मामा एका मध्यम शहराच्या महापालिकेतून आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझी मावसबहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, त्याच शहरातल्या वस्त्यांमध्ये महिला बचत गटांचं काम करते. म्हातारा माणूस ॲपला नावं ठेवत असेल आणि तरुण बाई त्याची बाजू घेत असेल, असं कोणालाही वाटेल. आमच्याकडे उलट आहे. परवा दोघांचं चांगलंच जुंपलं. ते इथे मांडतो आहे, कारण दोघंही स्वतःच्या कामातून बोलत होते, आणि या विषयावर असं बोलणारी माणसं फार कमी ऐकायला मिळतात.

ताई : मामा, तुमच्या वेळी लोक ऑफिसात येऊन तुमच्याशी भांडायचे. आता फोनमध्ये बघत बसतात. यात लोकांचं काय भलं झालं?

मामा : भांडायला कोण यायचं ते तू पाहिलेलं नाहीस. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा म्हणजे माणसाला एक खाडा पडायचा. बारनिशीत अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. शिक्का मारणारा जागेवर नसला तर थांबा. माझ्याकडे यावं तर मी राउंडला गेलेलो. म्हणजे परत उद्या या. हे ज्याला परवडायचं तोच यायचा. पेन्शनर, दुकानदार, नाहीतर नगरसेवकाचा माणूस. नगरसेवकाच्या माणसाला तर अर्जही लागत नसे, वरून फोन आला की गाडी निघायची. आणि बिगारी काम करणारा बाहेर बाकावर बसून असायचा. आज तोच माणूस रात्री अकराला घरून फोटो टाकतो आणि त्याला टोकन नंबर मिळतो. तारीख, वेळ, जागा, सगळं नोंदलेलं. ही साधी गोष्ट नाही, बाई.

ताई : टोकन मिळतं, मान्य. पण टोकन मिळालं म्हणून गटार वाहायला लागत नाही.

मामा : लागतं. कसं ते ऐक. तक्रार आली की ती प्रभागात जाते, तिथून त्या त्या खात्याच्या माणसाकडे. कचरा असेल तर निरीक्षकाकडे, ड्रेनेज असेल तर कनिष्ठ अभियंत्याकडे. तिथून मुकादमाला निरोप. प्रत्येक प्रकाराला मुदत असते. मुदत टळली की तक्रार आपोआप वरच्या साहेबाच्या यादीत जाते. आणि दर आठवड्याला आयुक्तांच्या आढावा बैठकीत पडद्यावर विभागवार आकडे लागतात. पूर्वी माझ्या प्रभागात किती तक्रारी पडून आहेत हे फक्त मला ठाऊक असायचं. साहेबाने विचारलं तर मी सांगेन ती संख्या. ॲप आल्यावर ती संख्या माझ्या हातात राहिली नाही. बैठकीला जाण्याआधी आमच्या पोटात गोळा यायचा.

ताई : आणि त्या भीतीने तुम्ही काय केलंत? काम की आकडा?

मामा : दोन्ही.

मामा हे 'दोन्ही' अगदी सरळ आवाजात म्हणाले. त्यावर ताईने जी गोष्ट सांगितली ती मी तिच्या फोनवर डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका वस्तीत सार्वजनिक शौचालय आहे. मागच्या बाजूला मैल्याची टाकी. टाकी भरून ओसंडायला लागली आणि पाणी मागच्या बोळात, घरांच्या उंबऱ्यांपर्यंत आलं. ताईने गटातल्या एका बाईच्या फोनवरून तक्रार नोंदवली. ॲपमध्ये प्रकार निवडावा लागतो, त्यात 'टाकी भरली' असा प्रकार नव्हता. जवळचा म्हणून 'सार्वजनिक शौचालय - अस्वच्छता' हा निवडला. तक्रार आरोग्य विभागाकडे गेली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, पुढची बाजू धुतली, कडेने पावडर मारली, फोटो काढला, तक्रार बंद. तो फोटो असा आहे : ओली फरशी, दोन्ही बाजूंना जंतुनाशक पावडरीच्या पांढऱ्या रेघा, दारावर रंगवलेला सीटचा क्रमांक, कोपऱ्यात उभा केलेला खराटा. फोटोत खोटं काहीही नाही. फरशी त्या दिवशी खरंच स्वच्छ होती. टाकी मागच्या बाजूला आहे.

बायकांनी पुन्हा तक्रार टाकली. यावेळी शेरा आला, 'सदर काम या विभागाशी संबंधित नाही', आणि तक्रार बंद. टाकी उपसायचं काम ड्रेनेज विभागाचं. दारं, कड्या, दिवे स्थापत्य विभागाचे. रोजची झाडलोट ठेकेदाराची. बाईला दिसतं ते एकच शौचालय आणि त्यापुढचा एकच अंधार. ॲपला तिने आधी सांगायचं की हे नक्की कोणाचं आहे.

मामा : हे चुकीचंच आहे. पण ते ॲप नसतं तरी झालंच असतं. टोलवाटोलवी ॲपने शिकवली नाही.

ताई : ॲप नसतं तर बाई तुमच्यासमोर उभी राहिली असती, आणि 'माझ्याकडे येत नाही' असं तिच्या तोंडावर म्हणणं तुम्हाला जड गेलं असतं. आता शेरा लिहायला काहीच जड जात नाही. दुसरं असं, की तक्रार ज्याच्यावर आहे तोच ती बंद करतो. जगात कुठे असा हिशेब असतो का? उधारी ज्याने घेतली त्यानेच वहीत 'पैसे दिले' असं लिहायचं?

मामा : हे तुझं मला शंभर टक्के पटतं. ॲपमधला सगळ्यात मोठा दोष हाच. म्हणून काही ठिकाणी आता तक्रार पुन्हा उघडायची सोय दिली आहे. मुंबई महापालिकेने २०२५ च्या पावसाळ्याआधी खड्ड्यांसाठी वेगळं 'पॉटहोल क्विकफिक्स' आणलं, त्यात ४८ तासांत खड्डा बुजवायचं उद्दिष्ट ठेवलं आणि समाधान झालं नाही तर तक्रार परत उघडता येते. हे बरोबर दिशेने आहे.

ताई : परत उघडली की ती कोणाकडे जाते? त्याच माणसाकडे.

इथे मला राहवलं नाही, मी मध्ये बोललो. ब्रिटनमध्ये २००७ पासून 'फिक्समायस्ट्रीट' नावाची सोय आहे, मायसोसायटी नावाच्या सेवाभावी संस्थेने उभी केलेली. तिथे खड्ड्याची किंवा बंद दिव्याची तक्रार नोंदवली की ती स्थानिक परिषदेकडे जाते, पण त्याच वेळी नकाशावर सगळ्यांना उघड दिसते. शेजाऱ्याला दिसते, वार्ताहराला दिसते, विरोधी पक्षाच्या माणसाला दिसते. आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारलं जातं की काम झालं का. माझ्या मते सगळं मर्म यात आहे. आपल्याकडच्या बहुतेक ॲपांत माझी तक्रार मला आणि अधिकाऱ्यालाच दिसते. एकाच गल्लीतल्या दहा जणांनी एकच गोष्ट लिहिली तरी त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. पूर्वी कार्यालयाच्या बाकावर बसलेली माणसं निदान एकमेकांशी बोलत तरी होती.

मामा : फोटोबद्दल तू जे म्हणालीस ते नुसतं आपल्याकडचं नाही. रोजगार हमीच्या कामांवर २०२३ च्या जानेवारीपासून ॲपवरून हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचेच फोटो काढून टाकले जातात. म्हणजे फोटो हा पुरावा मानायचा तर तो कोणी आणि कुठल्या बाजूने काढला, हे बघणारा माणूस लागतोच. माझी तक्रार ॲपवर नाही. तो बघणारा माणूस काढून टाकला, त्याच्यावर आहे.

ताई : माणूस काढून टाकता यावा म्हणूनच तर ॲप आणतात, मामा!

मामा : तसं सरसकट म्हणू नकोस. खड्ड्यांचंच घे. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, त्यावरून न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. चांगले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं त्याच प्रकरणात २०१५ मध्ये म्हटलं गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आदेश झाला की खड्ड्याने मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि ती रक्कम जबाबदार माणसांकडून वसूल करायची. आता मला सांग, उद्या एखाद्या विधवेला सिद्ध करायचं असेल की या खड्ड्याची खबर महापालिकेला आधीच होती, तर तिला कशाचा आधार? कोणीतरी ॲपवर टाकलेल्या त्या फोटोचा. त्यावर तारीख आहे, जागा आहे. बारनिशीतली माझी पानं वाळवीने खाल्ली असती.

ताई थोडा वेळ गप्प बसली. हा मुद्दा तिला नवा होता, मलाही. पण तिने तो जिथे अडतो तिथे बरोबर पकडला.

ताई : खड्ड्याला न्यायालय मिळालं, कारण खड्ड्यात गाडीवालेही पडतात. माझ्या टाकीला कोण मिळणार? आणि कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. जन्माचा दाखला मुदतीत दिला नाही तर वर अपील करता येतं, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण तो अधिसूचित सेवांना. ॲपवर टाकलेल्या तक्रारीला त्या कायद्याचं कवच नाही. ॲपमधली मुदत म्हणजे महापालिकेने स्वतःला घालून घेतलेली मुदत. मोडली तर बाईच्या हातात काय?

मामा : काही नाही. हे खरंय.

ताई : अजून एक. ॲप आलं की सरकारचं काम हळूच लोकांच्या अंगावर येतं. ई-पीक पाहणी बघा. ते महसूल खात्याचं, महापालिकेचं नाही, पण गोष्ट तीच. पूर्वी तलाठ्याने बांधावर जाऊन पिकाची नोंद करायची. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच फोटो काढून नोंद करायची असं ठरलं. फोन त्याचा, डेटा त्याचा, शिवारात रेंज नसेल तर नशीब त्याचं, आणि नोंद राहिली तर नुकसानभरपाईला अडचण त्यालाच. शेवटी गावोगाव सहायक नेमावेच लागले. माझ्या काकांच्या शेतात...

मामा : पण तलाठी बांधावर जायचा, हे कोणी सांगितलं तुला? चावडीत बसून मागच्या वर्षीचं पीक पुढे लिहायचा. माझ्या भावाच्या विहिरीवरच्या उसाच्या जागी सात-बाऱ्यावर वर्षानुवर्षं ज्वारी होती. शेतकऱ्याच्या हातात नोंद आली म्हणून ऊस दिसायला लागला.

दोघांचंही खरं आहे. मी त्यात पडलो नाही. ज्या बाबतीत मामांचं उत्तर लंगडं पडलं ती वेगळी होती, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत तिला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

ताई : तक्रारीचा आकडा लाल झाला की शिक्षा कोणाला होते?

मामा : ज्याचं काम त्याला. निरीक्षकाला नोटीस, अभियंत्याला नोटीस...

ताई : आणि झाडणाऱ्या बाईला?

मामा : ती ठेकेदाराकडची असेल तर... तिचा खाडा मांडतात.

ताई : कारणे दाखवा नोटिशीला तुम्ही उत्तर लिहिता, दोन ओळींचं. तिचा त्या दिवसाचा पगार जातो. आमच्या गटातल्या तिघी झाडण्याच्या कामावर आहेत. पहाटे साडेपाचला कोठीवर हजेरी. एका बाईला दिलेला रस्ता इतका लांब, की झाडत टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीला पुन्हा कचरा पडलेला असतो. आठ वाजता कोणीतरी गॅलरीतून फोटो काढतो, 'रस्ता झाडलेला नाही'. तिने तो साडेसहाला झाडलेला असतो. तिच्याकडे त्याचा फोटो नाही. तिची बाजू लिहायला ॲपमध्ये जागा नाही. नागरिकाला रकाना आहे, अधिकाऱ्याला रकाना आहे. जिच्या हातात झाडू आहे तिला रकाना नाही.

मामा : निरीक्षकाने तिची बाजू घ्यायला हवी.

ताई : तुम्ही घ्यायचात?

मामा : घ्यायचो. बैठकीत आकडा लाल नसेल तेव्हा.

मामांच्या या वाक्याने मला चटका बसला, आणि त्यांनी ते लपवलं नाही याबद्दल त्यांच्याविषयीचा आदर वाढला. सोसायटीतला माणूस कचऱ्याचा फोटो टाकतो तेव्हा त्याला वाटतं आपण महापालिकेला जाब विचारतो आहोत. तो जाब उतरत उतरत जिथे पोचतो तिथे दहा-बारा हजारांत महिना काढणारी बाई उभी असते. कचराकुंडी का उचलली, गाड्या कमी का, एका बाईला इतका लांब रस्ता का, हे ठरवणाऱ्यांपर्यंत तो जातच नाही. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये राज्यभर सरकारी मोबाइल परत केले, कारण फोन धड चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. तंत्रज्ञान प्रत्येक वेळी खालच्याच माणसाकडे बघतं. सहायक आयुक्त आज प्रभागात किती वेळ फिरले हे मला सांगणारं ॲप अजून माझ्या पाहण्यात नाही. ते आलं तर मी पहिल्या दिवशी उतरवून घेईन.

मामा : लोकांच्या मताबद्दल बोलायचं तर एक गोष्ट मीही सांगतो, माझ्या बाजूच्या विरोधातली. केंद्राचं 'स्वच्छता' ॲप २०१६ मध्ये आलं आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांशी जोडलं गेलं. २०१८ च्या सर्वेक्षणात ४००० पैकी १४०० गुण नागरिकांच्या प्रतिसादाला होते, त्यात या ॲपचाही हिस्सा होता. मग काय, आम्हाला उद्दिष्टं आली. शिपाई, शिक्षक, बचत गट, सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप उतरवून घ्या. माणसं उभ्या उभ्या आपला फोन आमच्या हातात द्यायची. नागरिकांचं मत म्हणून जे वर गेलं त्यातलं किती नागरिकांचं होतं हे मला विचारू नकोस.

ताई : माझ्याही फोनमध्ये होतं ते. तुम्हीच टाकलं होतंत.

मामा : हो, टाकलं होतं.

ताई : आणि दर नव्या आयुक्तांबरोबर नवीन ॲप. आधीच्या ॲपमधल्या तक्रारींचं काय झालं, कोणी विचारत नाही. पिंपरी-चिंचवडला स्मार्ट सारथी, पुण्यात पीएमसी केअर, मग रस्त्यांसाठी वेगळं रोडमित्र. बाईने किती ॲपं ठेवायची? तिच्या फोनमध्ये मुलाच्या शाळेचं आहे, गॅसचं आहे, बँकेचं आहे. जागा भरली की पहिलं कुठलं उडतं सांगू? महापालिकेचं.

हा भाग लवकर आटोपला, कारण यावर मामांचंही दुमत नव्हतं. वाद पेटला तो नगरसेवकांवरून. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या त्या २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं प्रशासकच सभागृह आणि प्रशासकच आयुक्त. आमच्या शहरातही तेच.

मामा : त्या काळात लोकांना ॲपनेच तारलं. नगरसेवक नव्हता, मग लोक कोणाकडे गेले असते?

ताई : मला यातच भीती वाटते, मामा. ॲप होतं म्हणून कोणाला नगरसेवकाची उणीव भासली नाही, निदान सोसायट्यांतल्या लोकांना. निवडणूक व्हावी म्हणून रस्त्यावर कोण उतरलं? खड्डा बुजतोय ना, मग सभागृह कशाला! पण माझ्या वस्तीला नवीन शौचालय हवंय, त्याला जागा लागते, बजेटमध्ये तरतूद लागते. ती कुठल्या ॲपमध्ये मागायची? ॲपमध्ये जे आहे ते मोडलं असं सांगता येतं. जे कधी नव्हतंच ते मागायची सोय नाही. ते सभागृहात भांडून मिळवावं लागतं.

मामा : नगरसेवक कधी भांडले तुमच्या शौचालयासाठी?

ताई : एक भांडली होती. तिच्याच फंडातून जुनं बांधलं गेलं. बाकीचे भांडले नाहीत तर आम्ही पाच वर्षांनी त्यांना पाडलं. ॲपला पाडता येत नाही.

मामा : बरं, मग गावाकडचं बघ. तिथे ग्रामपंचायतीचे जमा-खर्च आता ई-ग्रामस्वराजवर दिसतात, 'मेरी पंचायत' ॲपवर फोनमध्ये दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाचे किती आले, कुठल्या कामावर किती पडले. पूर्वी ग्रामसेवकाच्या कपाटाची किल्ली मागावी लागायची. आता पोरं फोन घेऊन ग्रामसभेला येतात आणि विचारतात, हे गटार कागदावर पूर्ण दिसतंय, ते आहे कुठे?

ताई : हे मला आवडलं. आणि का आवडलं सांगू? कारण तिथे ॲपच्या पुढे ग्रामसभा आहे. फोनमध्ये बघितलेलं चारचौघांत विचारता येतं, उत्तर इतिवृत्तात लिहावं लागतं. शहरात आम्हाला ती जागाच नाही.

मामा : कायद्याने आहे. २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्र सभा आणली. प्रभागातल्या मतदारांनी बसायचं, कामं सुचवायची.

ताई : तुमच्या नोकरीत किती क्षेत्र सभा झाल्या?

मामा : मी एकही पाहिली नाही.

यानंतर दोघंही वादातून कामावर आले. मामांनी मांडलं की नव्या नगरसेविकेकडून एवढंच करून घ्यावं : क्षेत्र सभा भरवायची, आणि तिथे महिन्याभरात प्रभागात बंद झालेल्या सगळ्या तक्रारी टोकन नंबरानिशी वाचून दाखवायच्या. कोणी बंद केली, काय शेरा मारला. लोक तिथल्या तिथे सांगतील काम झालं की नाही. यादी आरोग्य कोठीच्या फळ्यावरही लावायची, म्हणजे झाडणाऱ्या बायकांनाही कळेल त्यांच्या नावावर काय चढवलंय, आणि त्यांनाही सभेत बोलता येईल. मला वाटतं ॲपवर आणखी पैसे घालण्यापेक्षा हे आधी करावं. ताईलाही ते पटलं, पण एका जागी ती अडली.

ताई : नावं वाचायची नाहीत. टोकन ठीक आहे, नाव नाही, नंबर तर नाहीच नाही. आमच्या एका बाईने कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या कचऱ्याची तक्रार टाकली. संध्याकाळी तिला ठेकेदाराच्या माणसाचा फोन, 'ताई, कुठे आहे कचरा, या दाखवायला.' आणि रात्री चिकनवाल्याला ठाऊक, कोणी तक्रार केली ते. तिच्या नवऱ्याने तिचा फोन काढून घेतला. देशपातळीवरच्या आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ ची ती, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३३ टक्क्यांनीच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. त्यातल्या एकीचा असा फोन गेला तर पुढची ॲप कशाला उघडेल?

मामा : पण निनावी अर्ज आम्ही दप्तरी दाखल करायचो, त्याला कारण होतं. जुन्या भांडणातून खोट्या तक्रारी येतात. शेजाऱ्याचा ओटा पाडायला लोक काय काय लिहितात, तुला कल्पना नाही. कोणीतरी जबाबदार हवा.

ताई : मग बचत गट जबाबदार धरा. तक्रार गटाच्या नावाने घ्या. गटाची नोंदणी आहे, खातं आहे, दहा बायका आहेत. त्या नावावर बँक कर्ज देते, महापालिकेला तक्रार घ्यायला काय हरकत आहे?

मामा : ॲपला एक मोबाइल नंबर लागतो. तो कोणाचा देणार?

ताई : बँकेला देतो तसा. अध्यक्षाचा आणि सचिवाचा, दोन्ही. खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. तक्रार बंद करायलाही दोघींचा ओटीपी लागू दे. तोपर्यंत ती उघडी.

मामा : दोन वर्षांनी पदाधिकारी बदलतात तुमच्या गटात. तेव्हा?

ताई : बदलल्या की ठराव होतो, ठरावाची प्रत आम्ही बँकेत देतो. तशीच एक क्षेत्रीय कार्यालयात देऊ.